सायकलवाल्याचा खुराक

थंडी पडली की आमच्या ताथवड्याच्या रस्त्याने सकाळी सायकलवाले जाऊ लागतात. पूर्वी इथून कामावर जाणारे सायकलवाले जायचे, आता हौसेचे जातात. डोक्यावर टोप, डोळ्यांवर रंगीत काचा, अंगाला चिकटून बसलेले कपडे. मी सोसायटीच्या फाटकापाशी बाकावर ऊन खात बसलेला असतो. दहा-बारा जणांचा घोळका सुर्रकन निघून जातो आणि मग बऱ्याच वेळाने, अगदी मागून, एक जाडजूड गडी येतो. दर वर्षी असा कोणीतरी असतोच. यंदाचा चाळिशीचा असेल. परवा तो आमच्या फाटकाशी थांबला, एक पाय टेकवला आणि पाठीवरच्या खिशातून खजूर काढून खाऊ लागला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ओशाळून हसला. जाड माणसाला चारचौघांत खाताना असं हसावंच लागतं, ते हसू माझ्या चांगलं ओळखीचं आहे. मी हात केला, तो गेला. पण त्या दिवशी मला सकाळभर चैन पडलं नाही.

मीसुद्धा एका हिवाळ्यात सायकलच्या शर्यतीची तयारी केली होती. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. ताथवडे तेव्हा पन्नास-साठ उंबऱ्यांचं गाव होतं आणि पिंपरीला नवा कारखाना नुकता सुरू झाला होता. मी बावीस वर्षांचा, सातवी पास, म्हणून मला कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेण्याचं काम मिळालं. सायकलवरून सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. गावातला पगारी माणूस म्हणून माझा तोरा होता आणि तोऱ्याला शोभेल असा देहही होता. भुसाराच्या दुकानात धान्याची पोती तोलायचा मोठा काटा होता. त्याच्या एका पारड्यात मी बसलो आणि दुसऱ्यात मापं चढवली, तेव्हा सव्वादोन मण भरलो होतो. दुकानदार म्हणाला की हे पोतं परत न्या, आमच्याकडे काही विकलं जायचं नाही.

शर्यतीची टूम कारखान्यातल्या पोरांनी काढली. माघातल्या जत्रेला कुस्त्या दर वर्षी व्हायच्या, यंदा सायकलीही पळवायच्या. चिंचवड स्टेशनजवळच्या वडापासून मुंबईच्या रस्त्याने वडगाव आणि तिथून परत वडापाशी. पहिल्याला फेटा आणि चांदीचं कडं. हजेरीच्या वहीत नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यांची लिहून झाल्यावर मी खाली माझं लिहिलं. कोणीतरी हसलं. त्या हसण्यामुळेच मला ते नाव खोडता आलं नाही.

घरी आम्ही तिघंच होतो, दादा, वहिनी आणि मी. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि पुढच्याच वर्षी वहिनी लग्न होऊन आली. ती माझ्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठी असेल, पण मला न्हाऊमाखू तिनेच घातलं. माझ्या अंगावरचं मांस हे तिच्या हातच्या भाकरीचं मांस, असं दादा चेष्टेनं म्हणायचा आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या हिवाळ्यात वहिनी सहा महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, ते मूल दीड महिन्यात गेलं. म्हणून दुसरं सासरी करायचं ठरलं. आणि सासरी तिच्याशिवाय दुसरी बाई नव्हती.

शर्यतीत गावचा माणूस उतरणार म्हटल्यावर गावाने मला दत्तकच घेतलं. आमच्याकडे आजवर एकाच प्रकारचा खेळाडू तयार झाला होता, तो म्हणजे पैलवान. सायकल हा प्रकार पायाने करायच्या कुस्तीसारखाच असणार, यात कोणाला शंका नव्हती. ज्ञानू वस्तादांनी मला तालमीत बोलावून मांड्या चाचपल्या आणि पारावर बसून निकाल दिला.

“सायकल वडायची म्हंजी मांडी पायजे. मांडी कशानं येती? बैठकीनं येती आन खुराकानं टिकती. दूध, तूप, खारीक, खोबरं. दोन महिनं द्या, काय हुतंय बघा.”

झालं. पहाटे उठून पाचशे बैठका, मग सायकल, मग खुराक. दर आठवड्याला भुसाराच्या काट्यावर मिरवत जायचं आणि वजन वाढलं की वस्तादांनी पाठीवर थाप मारायची. मंगळवारी दोन शेर वाढले तर गावात बातमी व्हायची. जगात कुठे सायकलच्या शर्यतीसाठी गडी असा पोसला असेल असं वाटत नाही. पण आम्हाला तेवढंच येत होतं आणि ते सगळे मनापासून करत होते, हेही खरं.

त्या पहाटा अजून अंगात आहेत. पवनेवरून येणारं धुकं, कडब्याच्या गंज्या, हरभऱ्याच्या शेतातला तो आंबट ओला वास. हँडल इतकं गार की बोटं चिकटतील. मी सायकलचं मडगार्ड काढलं, कॅरिअर काढलं, चेनकव्हर काढलं, घंटीसुद्धा काढली, म्हणजे ती हलकी व्हावी. पुनावळ्याच्या बाजूने जाताना खडीवर मागच्या चाकाची तार ताडकन तुटायची. आठवड्याला एक तार ठरलेली. मग सायकल हातात धरून कासारवाडीच्या दुकानात चालत जायचं. दुकानदार चाक फिरवून त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता काढता माझ्याकडे वरून खाली बघायचा आणि काही न बोलता आणखी दोन तारा जाड बसवायचा. घामाने भिजलेला सदरा थंडीत पाठीला लागला की अंगावर काटा यायचा. पण घराकडे वळलं की चुलीचा धूर दिसायचा आणि मला भुकेशिवाय दुसरं काही सुचायचं नाही.

खरं सांगायचं तर शर्यत बाजूलाच राहिली होती, मला त्या खाण्याचीच गोडी लागली होती. आयुष्यभर माझ्या खाण्याला लोक नावं ठेवत आले. आता तेच खाणं गावाच्या इभ्रतीचं झालं होतं. म्हशीचं दूध वहिनी दोन वेळा तांब्याने मोजून मला द्यायची. त्यातला एक तांब्या आधी तिच्यासाठी बाजूला काढलेला असायचा, हे मला ठाऊक होतं, कारण दिवस राहिले तेव्हा दादानेच तसं ठरवलं होतं. तो तांब्या माझ्याकडे कधी वळला, कोणी वळवला, मी विचारलं नाही. वहिनी ताकाची निवळ आणि भाकरी खायची. माझ्या डोळ्यांदेखत खायची.

मार्गशीर्षातला एक रविवार मात्र माझ्या गळ्यात अडकून बसला आहे. लांबची रपेट करायची म्हणून मी थेट कामशेतच्या पुढे, वहिनीच्या माहेरी गेलो. तिची आई दाराशी भात वाळवत बसली होती. विधवा बाई, घरात एकटी. मला बघून तिला कोण आनंद झाला. तिने पायावर पाणी घातलं, जेवू घातलं आणि निघताना एक पत्र्याचा डबा पुढे केला. डिंकाचे लाडू होते. खारीक, खोबरं, डिंक, साजूक तूप, आणि ते तूप तिने कुठून कसं जमवलं असेल ते तिचं तिला माहीत. डबा मडक्यासारखा फडक्यात बांधून तिने माझ्या हँडलला अडकवला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

“लेकीला म्हनावं, हे बाळंतपनाला हाय. आत्ता उघडू नगं. मागल्या खेपंला तिची कंबर धरली हुती, तवा काय न्हाई घालता आलं मला. ह्या टायमाला रोज एक खा म्हनावं.”

मी हो म्हटलं. सोमाटण्याच्या उतारावरून येताना डबा हँडलवर हिंदकळत होता आणि तळलेल्या डिंकाचा वास थेट नाकात येत होता. देहूरोडजवळ मी थांबलो, आंब्याखाली बसलो आणि गाठ सोडून एक लाडू खाल्ला. एकच. लांबून आलो होतो, भूक लागली होती. गाठ परत तशीच मारली.

घरी पोचलो तेव्हा ओट्यावर दादा आणि वस्ताद बसले होते. डबा बघताच वस्ताद खूश झाले. व्याह्यांकडनंबी खुराक आला, म्हणाले, गडी आता वडगाव काय, खंडाळ्याला जाऊन येईल. दादा हसला. वहिनी दारात आली, पदराला हात पुसले, डबा घेतला, झाकण उघडून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“आई आनखी काय म्हनाली का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “बरी हाय म्हनाल्या.”

एवढंच घडलं. त्यात जबरदस्ती नव्हती, चोरी नव्हती. दोन माणसं बसली होती, त्यांच्यासमोर बायकांच्या बाळंतपणाचं काय बोलायचं, असा संकोच मला वाटला असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. संकोच खोटाच होता. संध्याकाळी वस्ताद गेले, दादा म्हशीकडे गेला, मी आणि वहिनी चुलीपाशी एकटे होतो, तेव्हाही मी बोललो नाही. मला ते लाडू हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठका मारून आलो तर ताटलीत दुधाच्या पेल्याशेजारी लाडू ठेवलेला होता आणि मी तो खाल्ला.

कारखान्यात मानकर नावाचा एक फिटर होता, नगरकडचा, वाळक्या अंगाचा. तोही शर्यतीत होता. पौषात कधीतरी त्याने मला सायकलवरून फाटकात शिरताना बघितलं आणि सरळ विचारलं की तयारी शर्यतीची चालली आहे की लग्नाची. मी त्याला वस्तादांचा कार्यक्रम अभिमानाने सांगितला. तो हसला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, “राव, हे उलटं चाललंय तुमचं. कुस्तीत वजन तुमच्या कामाला येतं. सायकलवर चढाला तेच तुम्हाला मागं ओढतं. मडगार्ड काढून काय होतंय, ते तूप बंद करा आधी.”

त्याचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं. मी काही अडाणी नव्हतो, चढावर काय होतं ते माझ्या छातीला रोज कळत होतं. म्हणजे त्या दिवसापासून माझ्याकडे शर्यतीचं निमित्तही उरलं नव्हतं. घरी जाऊन नुसतं म्हणायचं होतं, की हा खुराक माझ्या कामाचा नाही, उलट नडतोय. वस्ताद रागावले असते, दादाने चार दिवस तोंड फुगवलं असतं आणि डब्यातले उरलेले लाडू डब्यात राहिले असते. निम्म्याच्या वर होते अजून. मी घरी गेलो, हातपाय धुतले आणि दूध प्यालो. वस्तादांचा मान मोडायचा कसा, असं मनाशी म्हणालो. कुणाचा तरी मान राखायचा म्हणून खाणारा मी पहिला माणूस नसेन, पण मला तरी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. लाज फार उशिरा आली आणि आल्यापासून मुक्कामालाच आहे.

शर्यतीचं सांगण्यासारखं थोडंच आहे. भुसाराच्या काट्यावर मी अडीच मणाला पोचलो होतो. वडाखाली सतरा सायकली उभ्या होत्या, ताशा वाजत होता. दादा बैलगाडीतून वहिनीला घेऊन आला होता. आठवा लागलेला, अशा दिवसांत तिने गाडीत बसू नये असं शेजारणी म्हणाल्या, पण भावजींची शर्यत म्हणून ती आली. निगडीपर्यंत मी घोळक्यात होतो. देहूरोडला घोळका पुढे दिसत होता. सोमाटण्याच्या चढावर दिसेनासा झाला. अर्ध्या चढावर माझ्या मांड्यांनी, त्या गावभर गाजलेल्या मांड्यांनी, साफ नकार दिला आणि मी उतरून सायकल ढकलू लागलो. शेतातल्या बायका काम थांबवून बघत होत्या. येताना त्याच उतारावर मात्र मी असा सुटलो की तिघांना मागे टाकलं, जड माणसाला उतार तेवढा मानवतो. सतरांत चौदावा आलो. मानकर दुसरा आला.

वडापाशी वस्तादांनी मला मिठी मारली. उतारावर गडी कसा आला म्हणे, मोटारीनं झक मारावी. वहिनीने गाडीतून उतरून माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चौदाव्या नंबराची दृष्ट काढणारी ती एकटीच असेल. तिचे गाल बसलेले होते आणि गाडीत परत चढताना तिने दोन्ही हातांनी कंबर धरली. हे मी तेव्हा बघितलं, आणि मग बैलांकडे बघितलं.

फाल्गुनात वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली, काडीसारखी, पण चिवट निघाली, आज तिला नातवंडं आहेत. वहिनीच्या अंगावर दूध पुरेसं आलं नाही. सुईण म्हणाली की हिला डिंक घाला, खारीक घाला, कमरेला बळ पाहिजे. दादा म्हणाला, बघतो. डबा फळीवर होता, त्यात वहिनीने मीठ भरून ठेवलं होतं. तिची आई लेकीला बघायला आली तेव्हा मी कारखान्यात जादा पाळी मागून घेतली आणि ती जाईपर्यंत घरी जेवायलाच काय ते गेलो. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. तेराव्या दिवशी वहिनी चुलीपाशी बसली आणि पंधराव्या दिवशी तिने विहिरीवरून पाण्याचा हंडा आणला.

पुढे सगळ्यांचं व्हायचं ते झालं. माझं लग्न झालं, कारखान्यात बढती मिळाली, जमिनी गेल्या, रस्ते रुंद झाले. वजन माझं आहे तेवढंच राहिलं. वहिनी मात्र पस्तिशीत एका हाताने कंबर धरून चालायला लागली. पन्नाशीत वाकली. साठीनंतर तर तिला समोरच्या माणसाचं तोंड बघायला मान वळवून वर करावी लागायची. डॉक्टर म्हणत हाडं झिजली, वय झालं. बायका म्हणत, बाळंतपणात कमरेला मिळालं नाही. यातलं खरं काय ते कोण सांगणार. काही लाडवांनी एका बाईचा कणा सरळ राहिला असता का, हे मीही शपथेवर सांगू शकत नाही. पण ती कंबर धरून अंगणातून जाऊ लागली की मी दुसरीकडे बघायचो, आणि हे वर्षानुवर्षं रोज चाललं. मी तिला आंबे आणून देई, शाल आणून देई, दवाखान्यात मीच न्यायचो. दादा गेल्यावर तर जास्तच. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. ते ऐकलं की मला उठून जावंसं वाटे.

ती जायच्या आदल्या हिवाळ्यात मी एकदाचा बोललो. दुपारची वेळ होती, ती उन्हात पोतं अंथरून मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. देहूरोडचा लाडू, तिच्या आईचा निरोप, मानकर काय म्हणाला होता ते. मला वाटलं होतं की हे ऐकून ती रडेल किंवा मला चार शब्द सुनावेल. निदान, जाऊ द्या भावजी, झालं गेलं, असं तरी म्हणेल. एका जुन्या ओझ्याची गाठ मी सोडतो आहे अशी माझी समजूत होती आणि आता ते दोघांनी मिळून उतरवायचं आहे, असंही कुठेतरी वाटत होतं.

ती मेथीची पानं खुडत राहिली. मान वर वळवून म्हणाली, “निरोप कशाला लागतोय भावजी? पोटुशी असताना माहेरचा डिंक कुनासाठी येतो, ते मला ठावं न्हवतं व्हय? आन तुमाला ठावं हाय, हे बी ठावं हुतं.”

मी पोत्यावर पडलेल्या काड्या गोळा करू लागलो.

“मी आपली रोज वाट बघायची,” ती म्हणाली. “वाटायचं, आज म्हनत्याल, वैनी, ह्यो तुमी खावा.”

मग तिने हातातली जुडी संपवली आणि दुसरी घेतली.

दीड महिना, रोज सकाळी, मी चुलीपाशी मांडी घालून बसायचो आणि ती समोर उभी असायची, मी शेवटचा घास खाईपर्यंत. मला वाटायचं, ताटली न्यायला थांबली आहे.